निथळायला अर्धा तास

सतरा नंबरचा पाना. डावीकडे फिरवला की सैल.

*

मीराबाई गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. फोन समोरच्या कप्प्यात, कप्प्याचं झाकण बंद.

*

वाडीतलं ते गोडाऊन रविवारी दहा वाजता शटर पाडतं.

*

अंगठ्याएवढा एक बोल्ट शर्टाच्या खिशात. शर्ट बाथरूमच्या खुंटीवर.

*

"येऊ द्या वहिनी, येऊ द्या. थोडी उजवीकडं. बस. आता सीधी काढा."

*

टाकीवर पाणी चढवणारी मोटर सुरू असली की त्या बाथरूममध्ये बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. दिवाळीतले फटाकेसुद्धा नाहीत.

*

हे सगळं फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रविनगरच्या मागच्या गल्लीतल्या एका घरातलं. घर देवराव आणि मीराबाईंचं. देवराव चौसष्ट वर्षांचे, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. मीराबाई साठच्या, धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं सिस्टर. आता दोघंही निवृत्त. मुलगी प्रीती हैदराबादला असायची, तिची बदली बंगलोरला झाली. जाण्याआधी तिने पुस्तकांची दोन खोकी ट्रान्सपोर्टने घरी पाठवली आणि ती शहराबाहेर, वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये येऊन पडली होती.

मीराबाईंना लायसन्स मिळून दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत त्यांनी एकदाही एकटीने गाडी चालवली नव्हती. शेजारच्या सीटवर देवराव असायचेच, आणि त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असायचा.

*

तेल बदलण्याची देवरावांची रीत.

आधी गल्लीतून एक चक्कर, म्हणजे इंजिनातलं तेल गरम होऊन पातळ होतं. मग गाडीचं नाक घराकडे करून पुढची चाकं गेटच्या उतारावर चढवायची. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून उतार चांगला उंच करून घेतलेला आहे. त्यामुळे जॅक लागत नाही, कुशीवर सरपटत आत गेलं की हात पोचतो. खाली जुनी परात. पाना लावायचा, बोल्ट सैल करायचा, शेवटचे दोन आटे बोटांनी, आणि हात झटकन मागे. बोल्ट शर्टाच्या खिशात. त्यानंतर अर्धा तास काही करायचं नाही.

हा अर्धा तास त्यांना पंपावरच्या महादेवराव फोरमनने शिकवला. वरचं तेल धारेने येतं, मळ शेवटच्या थेंबांत राहतो, असं महादेवराव सांगायचे. धार तुटली की लोक बोल्ट लावून मोकळे होतात. आपण नाही व्हायचं.

म्हणून त्या अर्ध्या तासात आंघोळ. मग फिल्टर बदलायचा, बोल्ट घट्ट करायचा आणि वरून नवं तेल. जुन्या गाडीचं तेल त्यांनी एकोणीस वर्षं असंच बदललं. ती गाडी दिवाळीत विकली. ही दुसऱ्याची वापरलेली घेतली, कंपनी वेगळी. हिचं तेल ते आज पहिल्यांदाच बदलत होते.

*

पान्यांची पेटी.

हिरवी, लोखंडी, घराच्या पायरीवर. पेटी उघडी असली की देवरावांचं काम चालू आहे. बंद असली की झालं. हे फक्त घरात नाही, गल्लीत सगळ्यांना माहीत. पेटी उघडी असताना शेजारीपाजारी काही मागायलाही येत नाहीत.

गेल्या महिन्यात तेरा नंबरचा पाना हरवला आणि आठ दिवसांनी नालीत सापडला. तेव्हापासून देवराव मधे पाच मिनिटं उठले तरी पेटी बंद करू लागले. हा नवा नियम त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. त्यात सांगण्यासारखं काय होतं.

*

मीराबाई बाहेर आल्या तेव्हा:

पेटी बंद.

किल्ली गाडीतच.

नवरा बाथरूममध्ये, मोटर सुरू.

घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं.

परात गाडीखाली. उभ्या माणसाला दिसत नाही.

तेल बदलून झालं की खोकी आणू, असं देवराव आदल्या दिवशीच म्हणाले होते. तेल बदलून झालं होतं. पेटीच सांगत होती. मीराबाईंनी ट्रान्सपोर्टची पावती पर्समध्ये टाकली, फोन गाडीच्या कप्प्यात टाकला, कप्प्याचं झाकण लावलं. समोरच्या फाटकात चंपतराव खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं, हे आंघोळीहून निघाले की सांगा, मी वाडीला गेले. चंपतरावांनी पेपर काखेत धरला आणि रस्त्यावर उभं राहून, हात हलवत, गाडी मागे घेऊन दिली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी स्कूटरखेरीज काही चालवलेलं नाही, पण गाडी मागे घ्यायला ते कोणालाही मदत करतात.

*

देवराव आठ चाळीसला बाहेर आले. अंगात बनियन, कमरेला लुंगी, केस ओले.

उतारावर परात होती. वर गाडी नव्हती.

त्यांनी आधी परातीकडे पाहिलं, मग गेटकडे, मग पुन्हा परातीकडे. एकोणीस वर्षांत ती परात आतून पार काळी झालेली आहे, तिच्यात दूध ओतलं तरी काळं दिसेल. तिच्यात तेल होतं. ते पळत घरात गेले. जेवणाच्या टेबलावर नव्या तेलाचा डबा होता, सील न तोडलेला. शेजारी नवा फिल्टर, खोक्यातच. त्यांनी खुंटीवरचा सकाळचाच शर्ट अंगात घातला आणि खिशात बोल्ट लागला.

गाडीच्या तळाला भोक होतं, त्या भोकाचं बूच त्यांच्या खिशात होतं, आणि मीराबाई गाडी घेऊन गेल्या होत्या.

*

८.४१. रिंग जातेय. उचलत नाही.

८.४१. उचलत नाही.

८.४२. उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. प्रत्येक वेळी, गाडी सुरू करायच्या आधी, फोन स्वतःच्या हाताने तिच्याकडून घेऊन कप्प्यात टाकत होते. एकदा वाजला तेव्हा तिने नुसती मान वळवली तर बोलले होते.

८.४३. उचलत नाही.

८.४३. शहाणी बाई.

*

चंपतरावांनी निरोप व्यवस्थित दिला. वहिनी वाडीला गेल्या, वीस मिनिटं झाली, मस्त चालवून राहिल्या. परात दिसली नाही का, असं देवरावांनी विचारलं. चंपतराव म्हणाले, दिसली की, गाडी सरकल्यावर दिसली.

"मंग थांबवलं काहून नाही?"

"पेटी बंद होती ना गा तुमची," चंपतराव म्हणाले. "तुमची पेटी बंद झाली का काम झालं, हे मले तीस वर्षांपासून माहीत आहे. मले वाटलं, परात राहिली धुवायची."

 देवरावांनी मीराबाईंची स्कूटी काढली. चंपतराव न विचारताच मागे बसले, पेपर घरात ठेवायचाही राहिला. देवरावांनी तेलाचा डबा त्यांच्या मांडीवर दिला. हा कशाला, असं चंपतरावांनी विचारलं. देवरावांनाही ते माहीत नव्हतं. इंजिन जाम झाल्यावर वरून गंगा ओतली तरी काही होत नाही.

*

रस्त्यात, मागे वळून न बघता, देवरावांनी त्यांना समजावून सांगितलं. तेल नसलं की लोखंडावर लोखंड घासतं. आधी समोर लाल दिवा लागतो, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. मग खडखड. मग इंजिन धरतं आणि जागच्या जागी बंद पडतं. धावत्या गाडीत. मग ब्रेक दगडासारखा होतो, दोन पायांनी दाबावा लागतो. स्टिअरिंग जड होतं. आणि मागे वाडीचे ट्रक.

"लाल दिवा दिसला तं थांबंल की नाही ती?" चंपतरावांनी विचारलं.

दिव्यांबद्दल त्यांनी तिला काय काय सांगितलं होतं, ते देवराव आठवू लागले. क्लच हळू सोड, हे सांगितलं होतं. चढावर हँडब्रेक. म्हशीला हॉर्न देऊ नको, ती थांबते. रिक्षाच्या मागे राहू नको. उजवीकडे वळताना समोरच्याला आधी जाऊ दे, मग तो मूर्ख असला तरी. तिच्या हातून होऊ शकणाऱ्या पन्नासेक चुका त्यांनी दहा महिन्यांत मोजून सांगितल्या होत्या. लाल दिवा त्यांत नव्हता. लाल दिवा लागेल अशी गाडी आपण तिला देणार नाही, असं ते धरून चालले होते.

*

(आठ पन्नास. मीराबाई वाडीत, गोडाऊनच्या अंगणात, पुस्तकांच्या एका खोक्यावर बसून संत्रं सोलत होत्या. हे देवरावांना माहीत नव्हतं.)

*

अमरावती रोड.

देवराव डांबराकडे बघत चालवत होते. तेलाचे थेंब कुठे दिसतात का. डांबरावर इतके डाग होते की त्यांना आजपर्यंत ते कधी दिसलेच कसे नाहीत, याचं नवल वाटावं. प्रत्येक डागापाशी त्यांना वाटायचं, हाच. चंपतराव मागून म्हणाले, समोर पाहा, नाही तं वहिनीच्या आधी आपणच जाऊ.

एका पेट्रोल पंपाच्या पुढे गर्दी होती. पांढरी गाडी, बॉनेट उघडं, चार-पाच माणसं आत डोकावत होती. देवरावांनी स्कूटी तशीच रस्त्याच्या कडेला घातली, स्टँडही लावलं नाही. चंपतराव डबा सांभाळत एका पायावर उभे राहिले. गाडी एका लग्नाच्या वऱ्हाडाची होती. रेडिएटर तापला होता. फेटा बांधलेला एक माणूस बाटलीने पाणी घालत होता. देवरावांचा चेहरा बघून वऱ्हाडातल्या माणसांनी उलट त्यांनाच विचारलं, काय झालं काका, बसा जरा.

ते बसले नाहीत. पण परत येऊन स्कूटी सुरू करायला त्यांना तीन वेळा बटण दाबावं लागलं, कारण ते हॉर्नचं बटण दाबत होते.

पुढे ट्रक सुरू झाले. दोन्ही बाजूला गोडाऊनं, टायरची दुकानं, वजनकाटे. खिशातला बोल्ट प्रत्येक खड्ड्यात छातीवर आपटत होता.  चंपतराव हळूच म्हणाले, "देवराव, वहिनी हुशार बाई आहे." देवराव म्हणाले, हो. 

*

गाडी सावलीत उभी होती. दोन ट्रकांच्या मधे, सरळ, दोन्ही बाजूला सारखी जागा सोडून.

मीराबाईंनी संत्र्याची फोड तोंडाजवळ नेली होती, ती तशीच राहिली. नवरा लुंगीवर, ओल्या केसांनी, स्कूटीवर, मागे तेलाचा डबा घेतलेले चंपतराव. त्यांना पहिल्यांदा प्रीतीची आठवण झाली. प्रीती बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं. देवरावांनी नुसती मान हलवली. ते सरळ गाडीकडे गेले आणि बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गरम होतं. पण सात किलोमीटर आलेल्या गाडीचं असतं तेवढंच.

किल्ली घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. गेज बाहेर काढलं, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची लांब पट्टी. ती कोरडी निघणार हे त्यांना माहीत होतं. फक्त बघायचं होतं.

पट्टी वरच्या खुणेपर्यंत तेलाने भरलेली होती.

त्यांनी ती लुंगीला पुसली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. वरची खूण. तिसऱ्यांदा. वरची खूण. काळं, जुनं, दाट तेल, जसं असायला पाहिजे तसं.

ते गाडीच्या चाकाशेजारी जमिनीवर बसले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच बसत होते.

*

मग त्यांनी सांगितलं. बोल्ट खिशातून काढून तळहातावर दाखवला. मी तेल काढलं होतं. पेटी बंद केली होती, पण काम व्हायचं होतं. इंजिनात थेंब नसायला पाहिजे, आणि आहे, आणि हे कसं ते मले समजून नाही राहिलं.

मीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं त्या घाबरलेल्या माणसांचं असंच ऐकत आल्या होत्या: आधी सगळं बोलू द्यायचं, मग एक प्रश्न विचारायचा.

"रंग कसा होता त्याचा?"

देवरावांना सांगता येईना. परात काळी. आणि गाडीखाली सरपटताना चष्मा पडतो म्हणून ते तो काढूनच ठेवतात. तेल आलं, हाताला गरम लागलं, एवढंच.

मीराबाईंनी त्यांचा उजवा हात धरून उलटा केला. शर्टाच्या बाहीवर मनगटापाशी डाग होता. त्यांनी तो उन्हाकडे धरला, मग नाकाकडे नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं मधासारखं आहे. अन् लसूण सडल्यासारखा वास येते. इंजिनाचं तेल काळंभोर असते, तुम्हीच म्हणता."

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर धोंडबा चाकाशी बसून हे सगळं ऐकत होता. काटोलहून संत्री घेऊन आलेला, माल उतरायची वाट बघत होता. मीराबाईंच्या हातातलं संत्रं त्यानेच दिलेलं. तो उठला, गाडीखाली वाकून बघितलं आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना. काका, तुम्ही गिअरबॉक्सचं खोललं.

*

जुन्या गाडीत इंजिनाचा बोल्ट डावीकडे होता. या गाडीत तो उजवीकडे आहे. या गाडीत डावीकडे आहे तो गिअरबॉक्सचा. आकार तोच. पाना तोच, सतरा नंबर. एकोणीस वर्षं हात जिथे जात होता तिथेच गेला, आणि डोळ्यांना कोणी विचारलं नाही.

चूक केली होती. चूक केली म्हणून इंजिन वाचलं होतं. नीट केलं असतं तर या वेळी गाडी रस्त्यात मधोमध असती.

हे देवरावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांना हसायचं होतं, पण चेहऱ्याचं काहीतरी वेगळंच होऊ लागलं. चंपतरावांनी तेवढ्यात पेपर उघडला आणि तो उभ्या उभ्या वाचायला घेतला.

*

गिअरबॉक्सचं काय, हा प्रश्न उरला होता. धोंडबा म्हणाला, काही नाही होत. दातांना तेल चिकटून राहते, हळू आणली असंल तं सात किलोमीटर काहीच नाही. जोरात हाणली असती तं गोष्ट वेगळी.

मीराबाई म्हणाल्या, हळूच आणली. तिसऱ्या गिअरात गाडी कण्हत होती. आजपर्यंत कधी कण्हली नव्हती, म्हणून परत दुसऱ्यात घेतली आणि तीसच्या वर जाऊच दिली नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. वाजवू दिले.

कण्हत होती. देवरावांनी तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला. दहा महिने तिला ते कानाशी सांगत होते, आणि ती गाडीचं ऐकत होती.

"सांगून काहून नाही निघाली वं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मीराबाईंनी संत्र्याची साल गोळा करून कागदात बांधली.

"सांगितलं असतं तं तुम्ही बाजूले येऊन बसले असते."

चंपतराव पेपरातून वर न बघता म्हणाले, "अन् ते बसले असते तं सात किलोमीटरात क्लच क्लच ऐकून गाडी आपोआपच बंद पडली असती."

देवराव यावर हसले. मोठ्याने नाही, पण बराच वेळ. त्यांचे खांदे हलत होते आणि चाकाला टेकलेली पाठ घसरत खाली येत होती. शेवटी मीराबाईंनीच त्यांना हात देऊन उठवलं.

*

वाडीत रविवारीही तेल मिळतं. तिथे दर चौथ्या दुकानात काही ना काही मिळतंच. गिअरचं तेल चंपतरावांनी आणलं. आपण आणलेला डबा उघडायचा नाही का, हे त्यांनी दोनदा विचारलं. तो इंजिनाचा, असं दोनदा सांगितल्यावर त्यांनी तो मोठ्या मानाने गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. धोंडबाने पाना दिला, फुटभर रबरी नळी दिली आणि टाकून द्यायची एक बाटली दिली. देवराव लुंगी सावरत गाडीखाली गेले. या वेळी चष्मा घालून. तो पडू लागला तेव्हा मीराबाईंनी बाहेरून वाकून दोन बोटांनी धरून ठेवला.

बोल्ट खिशातून निघाला आणि आपल्या भोकात बसला.

गिअरबॉक्सच्या कडेला तेल भरायचं वेगळं भोक असतं; वरून त्यात तेल घालायला चाळीस मिनिटं लागली, कारण नळी बारीक आणि तेल दाट. मीराबाईंनी बाटली धरली. सलाईन लावतात तशी, हात उंच, बुडबुडा येऊ न देता. देवराव खालून सांगत होते, येऊन राहिलं, येऊन राहिलं. मग म्हणाले, बस, वाहायला लागलं. त्यांनी त्या भोकाचा बोल्टही लावला, हाताने चाचपला, पुन्हा चाचपला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, मी तेल काढलं आणि सांगितलं नाही. मीराबाई म्हणाल्या, मी गाडी काढली, मीही नाही सांगितलं. एवढ्यावर ते मिटलं. दोघांच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आहेत. यापेक्षा लहान गोष्टी यापेक्षा जास्त वेळ चालल्या आहेत.

धोंडबाने निघताना एका पिशवीत डझनभर संत्री दिली. देवराव नको म्हणत होते. तो म्हणाला, घ्या काका, असं हसू रोज नाही मिळत रस्त्यावर. हे मी काटोलपर्यंत प्रत्येक धाब्यावर सांगणार आहे. देवराव म्हणाले, सांग, पण नाव नको सांगू.

*

खोकी गाडीत ठेवून झाली. गोडाऊनचं शटर दहालाच पडलं होतं. साडेदहा.

स्कूटी होती, गाडी होती, माणसं तीन. चंपतरावांनी स्कूटीची किल्ली मागितली. मी आणतो ना ही, तुम्ही बसा वहिनीच्या बाजूले.

 मीराबाईंनी गाडीचं दार उघडलं आणि पलीकडच्या सीटवरची पर्स उचलून मागे ठेवली. बसायचं असेल तर जागा होती.

देवरावांनी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या मागं बसा. मी स्कूटी आणतो."

मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी तोंड उघडलं. क्लच, ट्रक, वाडीचा पूल, पुढचा सिग्नल, सगळं ओठांवर होतं. मीराबाई वाट बघत होत्या.

"फोन कप्प्यात टाकला का?" त्यांनी विचारलं.

"टाकला."

"मंग जा."

गाडी निघाली. पहिला, दुसरा. तिसऱ्यात गेली तेव्हा देवराव कान देऊन ऐकत होते. कण्हली नाही. त्यांनी मागे अंतर ठेवलं, एक ट्रक मधे येऊ दिला, मग दुसराही येऊ दिला. चंपतराव म्हणाले, दिसेनाशी होईल. देवराव म्हणाले, होऊ द्या. घरी येईलच.

वऱ्हाडाची पांढरी गाडी तिथून निघून गेली होती. डांबरावर तिथे पाण्याचा एक डाग होता आणि तो वाळत आला होता. ऊन चढलं होतं. चंपतरावांनी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेतली होती, त्यातलं एक सोललं आणि पुढे हात करून अर्धं देवरावांना दिलं. स्कूटी चालवताना खायचं नाही, असा त्यांचा एक नियम आहे. त्यांनी ते खाल्लं.

गल्लीत पोचले तेव्हा गाडी उतारावर होती, नाक घराकडे, आणि परात उचलून भिंतीशी ठेवलेली.

इंजिनाचं तेल त्यांनी दुपारी बदललं. उजवीकडचा बोल्ट. काळं आलं. मीराबाईंनी वाकून रंग बघितला आणि हो म्हणाल्या, तेव्हा देवराव आंघोळीला गेले. दुसऱ्यांदा. पेटी पायरीवर उघडी होती.

*

सकाळी आठ वाजून एकवीस मिनिटांनी, चंपतरावांनी हात हलवायच्या आधी, मीराबाईंनी पर्स शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली, आपली सीट दोन खाचा पुढे घेतली आणि मधला आरसा आपल्या उंचीला लावला.